तुळशीखालचा थर तिसरा

कालपासून माझ्या बोटांना मुंग्या आहेत आणि डोक्यात मालकीणकाकू.

कॅम्पवर पाण्याची बोंब, म्हणून सरांनी उत्खननातल्या खापरांच्या 3 पिशव्या माझ्या खोलीवर पाठवल्या. ‘सावकाश धू, घाई नाही.’ म्हणजे सोमवारपर्यंत. डिसेंबरातलं नागपूर, सकाळचे 7, अंगणात 2 टब आणि दात घासायचा जुना ब्रश. (जुना कोणता नि नवा कोणता, हा घोळ नंतर कळला. तो विषय नको.)

काकू संत्री सोलत पायरीवर बसल्या.

‘काय करून राह्यला रे बापा?’

‘खापरं धुतोय.’

‘कोनाची?’

‘अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची.’

काकूंनी एक फोड तोंडात टाकली. ‘मंग त्यायनं काहून नाही धुतली?’

याला उत्तर नाही. पुढचा तासभर देखरेख. ‘राखेनं घास न. आमची बाई धा मिनटात ढीग उपसते.’ साबण चालत नाही, जोर लावला तर वरचा रंग जातो, तुटलेली कड मात्र नीट साफ करावी लागते, नाहीतर जोड जुळत नाही, मग सावलीत वाळवायचं, हे सगळं मी कुडकुडत सांगितलं. काळं-तांबडं खापरही दाखवलं. भांडं उलटं ठेवून भाजायचे, आत हवा नाही म्हणून काळं, बाहेरून तांबडं.

‘म्हंजे करपलं. आमच्या सुनंचंबी असंच होते.’

काटोल रोडवरच्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांबद्दल (जुन्या दफनांभोवती रचलेली दगडांची कडी) रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज साहेबानं 1879 मध्ये लिहून ठेवलंय. त्याचं नाव झालं. त्याच्या वेळी टबात हात कोणी घातले, ते कुठेही छापलेलं नाही. माझंही छापून येणार नाही. सरांच्या अहवालात शेवटी ‘विद्यार्थ्यांचे सहकार्य लाभले’, एवढीच माझी सर्दी.

चहा घेऊन आलो तर तिसऱ्या थरातली 63 खापरं 62 झालेली. गेलं ते नेमकं काठाचं. बाकी सगळी पोटाची, त्यांच्यावरून भांड्याचं तोंड केवढं ते कळत नाही. आणि धुऊन वाळल्याशिवाय शाईनं थराची खूण करता येत नाही, म्हणजे ते आता कोणाचंच नव्हतं.

‘थे होय? कुंडीच्या भोकावर ठेवलं. तुळस लावली न नवी. एवढी पडली हाय, एक घेतलं त काय झालं?’

मी कुंडीकडे झेपावलो.

‘अरे! रविवारी तुळशीले हात लावते का कोनी?’

रविवारी लावायला चालते, उपटायला चालत नाही.

‘मग उद्या?’

‘उद्या एकादशी.’

नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात मी ‘तुळशीत’ असं लिहिलं. मग खोडलं. आज सकाळी पाहिलं तर काकूंनी कुंडीला गेरू फासलाय, पुढे रांगोळीही घातलीय.