फोटोत येईल एवढीच काळजी घ्या

शेठ, पुढची महामारी कधी येईल ते सांगता येत नाही. पण आली की सगळ्यांत आधी बंद होणार ते तुमचं रिसॉर्ट, आणि दारूची दुकानं उघडून महिने लोटल्यावर मग उघडणार तेही तुमचंच. म्हणून आत्ताच चार गोष्टी सांगून ठेवतो. अनुभवाचं बोलतोय. २०२० साली मी घाटमाथ्यावरच्या एका रिसॉर्टात रिसेप्शनला होतो. नाव सांगत नाही. दोन महिन्यांचा पगार यायचा आहे, आणि माणसानं आशा सोडू नये.

आधी एसओपी, म्हणजे काय कसं करायचं त्याची सरकारी नियमावली. केंद्राच्या आरोग्य खात्याची हॉटेलांसाठीची एसओपी ४ जून २०२० ला आली. ८ जूनपासून हॉटेलं उघडायला केंद्राची ना नव्हती. आपल्या राज्यानं मात्र ‘मिशन बिगिन अगेन’ करत करत ८ जुलै उजाडवला, तोही ३३ टक्क्यांनी. त्याआधी २ जुलैला गोव्यानं अडीचशेच्या आसपास हॉटेलं उघडली. येणाऱ्यानं ४८ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट आणायचा, नाहीतर सीमेवर टेस्ट करून घ्यायची. ते सहा दिवस आमच्या मालकांना जेवण गेलं नाही. असो. एसओपी वाचायची नसते, लॅमिनेट करायची असते. रिसेप्शनच्या मागे, गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगा. इंग्रजीतलीच टांगा. मराठीत टांगली तर एखादा वाचतो आणि मग प्रश्न विचारतो.

३३ टक्क्यांनी घाबरू नका. आमच्याकडे खोल्या चाळीस, म्हणजे भरायच्या तेरा. मालकांनी आदेश तीनदा वाचला आणि म्हणाले, “खोल्या तेरा, कबूल. पण एका खोलीत एक्स्ट्रा गाद्या किती, ते कुठे लिहिलंय?” त्या दिवशी कळलं, ते मालक का आणि मी रिसेप्शनला का.

आता गेट. गेटवर थर्मल गन हवीच. ती चालली पाहिजे असं नाही, दिसली पाहिजे. आमच्या वॉचमनमामांनी पहिल्या पाहुण्याच्या कपाळावर गन धरली तेव्हा जुलैचा पाऊस आडवातिडवा झोडपत होता. आकडा आला ९०.१ फॅरेनहाइट. एवढं तापमान खरोखर असतं तर तो गृहस्थ गारठून ग्लानीत पडायला हवा होता. तो तर पूल कुठेय म्हणून विचारत होता. मामांनी गन झटकली, पुन्हा धरली. ८९.६. मामा मूळचे मोहोळकडचे, समजूतदार माणूस. त्यांनी रजिस्टरात ९७.४ लिहिलं. पुढच्यालाही ९७.४. आठवड्याभरानं मी सहज पानं चाळली, तर पहिल्या ओळीत ९७.४ आणि खाली पान संपेपर्यंत नुसती ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं. अख्खा महाराष्ट्र तापानं फणफणला असताना आमच्या गेटमधून एकजात निरोगी माणसं आत येत होती.

त्या रजिस्टरचं पेनही विसरू नका. नाव, पत्ता, कुठून आलात, ताप-खोकला आहे का, हे सगळं पाहुण्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं. पेन एकच, कारण आधीची तीन पाहुणे घेऊन गेले होते. म्हणून चौथं सुतळीनं टेबलाला बांधलेलं. दिवसाला साठ-सत्तर हात त्या पेनाला लागायचे. शेजारीच सॅनिटायझरचा पायानं दाबायचा स्टँड होता. त्याची स्प्रिंग चौथ्या दिवशी गेली. लोक हातानं दाबायला लागले. हाताला हात लागू नये म्हणून आणलेल्या स्टँडला मग सगळ्यांचे हात लागायचे. पण स्टँड होता, फोटोत छान दिसायचा. स्टँड हवाच.

फोटोचा विषय निघालाच आहे तर पांढरा सूट आणि पाठीवर पंप असलेला एक माणूस दिवसभरासाठी भाड्यानं मिळतो, तो आणा. लॉबीत धूर, लिफ्टमध्ये धूर, पाहुण्यांच्या बॅगांवर धूर. आमच्या माणसानं हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, जरा सढळ हातानं मारलं, त्यामुळे ठाण्याच्या एका वहिनींच्या मरून रंगाच्या बॅगेवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटली. त्यांना एक नाश्ता फ्री द्यावा लागला. दारातला सोनचाफाही त्याच आठवड्यात गेला. पण फेसबुकवर त्या फोटोला जेवढे लाइक मिळाले तेवढे आमच्या मिसळीला कधी मिळाले नाहीत.

टॉयलेटवरची ‘सॅनिटाइज्ड’ लिहिलेली कागदी पट्टी तर फार मोलाची. एकाच अटीवर: पाहुण्यानं ती फाडू नये. अलगद सरकवली तर अलगद परत बसवता येते. आमच्या हाउसकीपिंगच्या मावशींचा एका पट्टीवर चार पाहुण्यांचा रेकॉर्ड आहे.

आता जरा कंटाळवाणा मुद्दा घेतो, हवा. तुम्ही सोडून दिलात तरी चालेल, आमच्याकडे सोडलाच होता. त्या जुलैतच जगभरातल्या २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्यानं एक खुलं पत्र निघालं. विषाणू हवेतूनही पसरतो, तेव्हा खिडक्या-वायुवीजनाकडे बघा, असं त्यात होतं. त्याच्याही आधीची, २४ जानेवारी २०२० ची गोष्ट. चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटात, तिसऱ्या मजल्यावर, जिथे खिडकीच नव्हती, तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवायला बसली होती. टेबलांत अंतर मीटरभराचं. एसीचा झोत त्या तीन टेबलांवरून गोल गोल फिरत राहिला आणि तिन्ही कुटुंबांतले मिळून दहा जण बाधित निघाले. बाकीच्या टेबलांवर कोणालाही काही नाही, वेटरांनाही नाही. पेनानं, लिफ्टच्या बटणानं, बॅगेनं केलं असतं तर हिशेब असा सरळ लागला नसता.

आमच्या डायनिंग हॉलला एक अख्खी भिंत काचेची होती. समोर दरी, धबधबा, व्ह्यू. काच उघडणारी नव्हती, कारण उघडणाऱ्या काचेत व्ह्यू तुकड्या-तुकड्यांत दिसतो. मागच्या बाजूला तीन खिडक्या होत्या. त्या उघडल्या की धुकं आत यायचं, खुर्च्यांना ओल धरायची आणि पापड मऊ पडायचे. म्हणून बंद. वर चार स्प्लिट एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करून पुन्हा वाढतो, काल रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करावा तसा. एसओपीत होतं की एसी २४ ते ३० अंशांवर ठेवा आणि ताजी हवा जमेल तेवढी आत घ्या. आम्ही पहिला अर्धा पाळला. २४ चा आकडा रिमोटवर दिसतो, पाहुण्याला दाखवता येतो. हवा काय दाखवणार? हवेबरोबर कोणी सेल्फी काढत नाही.

टेबलं मात्र सहा-सहा फुटांवर ठेवली होती, मधल्या टेबलांवर ‘इथे बसू नये’ची लाल फुली. एका कुटुंबाला त्यामुळे दोन टेबलांवर बसावं लागलं. सात माणसं एकाच अर्टिगातून मांडीला मांडी लावून पनवेलहून आली होती. सहा फुटांवरून एकमेकांना ‘लोणचं पास कर’ म्हणून ओरडत होती. वेटरच्या हातात ग्लोव्ह्ज होते, सकाळी घातलेले. त्याच हातानं भाकरी, त्याच हातानं नोटा, त्याच हातानं नाकावरून घसरलेला मास्क वर. ग्लोव्ह्ज स्वच्छ राहतात का हा प्रश्न नाही, शेठ. त्याचे हात स्वच्छ राहिले, हे महत्त्वाचं.

लग्नाचं सोपं आहे. पन्नास माणसांची मर्यादा होती. पन्नास लॉनवर, पन्नास हॉलमध्ये, पन्नास पार्किंगमध्ये चहा घेत. अक्षता झाल्या की फिरवायचे. मुंज असेल तर तेवढीही कसरत करू नका, मुंजीचा आदेशात उल्लेखच नव्हता असं आमच्या भटजींचं मत होतं.

तुमच्या जमिनीवर पाळणे, रोलर कोस्टर वगैरे असेल तर जपानचं बघून ठेवा. तिथल्या मनोरंजन पार्कांच्या संघटनांनी २०२० मध्ये पाहुण्यांना राइडवर किंचाळू नका म्हणून सांगितलं. ओरडताना तोंडातून थुंकी उडते म्हणून. फुजी-क्यू हायलँड पार्कानं तर व्हिडिओच काढला: सुटाबुटातले दोन अधिकारी मास्क लावून रोलर कोस्टरवर बसलेत, वर-खाली होतायत आणि चेहऱ्यावर सुरकुतीही नाही. शेवटी विनंती, किंचाळायचं ते मनातल्या मनात. आपल्याकडे याला वेगळं प्रशिक्षण लागणार नाही. अप्रायझलच्या मीटिंगमध्ये बसलेला कुठलाही माणूस हे वर्षातून एकदा करतो.

आणि कायमचं उघडायच्या भ्रमात राहू नका. हाँगकाँगचं डिस्नेलँड १८ जून २०२० ला उघडलं आणि १५ जुलैला बंद झालं, सप्टेंबरात उघडलं, डिसेंबरात पुन्हा बंद. दोन फलक कायमचे छापून ठेवा, ‘स्वागत’ आणि ‘क्षमस्व’. एकाच फळीच्या दोन बाजूंना छापले तर स्वस्त पडतील. शांघायमध्ये ३१ ऑक्टोबर २०२१ ला डिस्नेलँडची दारं लावून आतल्या जवळजवळ ३४ हजार माणसांची टेस्ट केली, तीही वर आतषबाजी चालू असताना. घशात काडी आणि डोक्यावर रोषणाई. असं पॅकेज तुम्हालाही काढता येईल, जीएसटी वेगळा.

हे सगळं झालं पाहुण्यांचं. स्टाफकडे बघायची गरज नाही, कारण पाहुणा तिकडे जात नाही. आमचं स्टाफ क्वार्टर किचनच्या मागे, पंपहाउसच्या वर. खोली एक, बंक सात, माणसं चौदा. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गादीवर आडवा व्हायचा, गादी गरम असतानाच. खिडकी एक होती, पण खाली जनरेटरचा धूर, म्हणून तिला पुठ्ठा. सप्टेंबरात तंदूरवाला खोकायला लागला. मालकांनी तातडीनं पावलं उचलली: नोटीस लावली की आजारी रजा बिनपगारी राहील. खोकला त्या रात्रीतच थांबला. एवढं गुणकारी औषध मी पुन्हा पाहिलं नाही. दोन दिवसांनी तिघांना वास येईना झाला, त्यातला एक आचारी. त्या आठवड्यातल्या रश्श्यात मीठ का जास्त होतं, ते पाहुण्यांना आम्ही ‘कोल्हापुरी पद्धत’ म्हणून सांगितलं.

एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ लागलं, पार्कं, पूल सगळं बंद, पाहुणे संपले आणि आम्हीही. त्याच्या चार दिवस आधी तालुक्याहून फोन आला होता. एक पाहुणा पुण्यात जाऊन पॉझिटिव्ह निघालाय, त्या दिवशी कोण कोण होतं त्याची यादी द्या. मी रजिस्टर उघडलं. सोळा नावं. नंबर फिरवत गेलो. तीन नऊ आकडी, एक एका सलूनचा, एक मालकांचा स्वतःचा. पलीकडच्या मॅडमनी विचारलं, “ताप कोणाला होता?” म्हटलं, कोणालाच नाही, सगळे ९७.४.

मामा त्याच आठवड्यात गावी गेले. कणकण आहे म्हणाले. किती ते त्यांनाही माहीत नव्हतं. दहा महिने रोज दुसऱ्यांच्या कपाळांवर गन धरली, त्यांच्या कपाळावर कोणी धरलीच नव्हती. जूनमध्ये परत आले, शर्ट खांद्यावरून उतरत होता, आवाज बसलेला. गेटवरच्या खुर्चीत बसले, ड्रॉवरमधून गन काढली, सेल बदलले आणि कधी नव्हे ते स्वतःच्याच कपाळाला लावली. ९०.१. रजिस्टराचं नवं पान उघडून त्यांनी पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, ९७.४.