मेजरसाहेब काउंटरवर

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चालू आहे. माझा मावसभाऊ शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांपुरता अधिकारी म्हणून, 10 वर्षं सैन्यात होता. मेजर होऊन बाहेर पडला, पण पेन्शन नाही. आता माजी सैनिकांच्या 14.5 टक्के राखीव जागांतून साताऱ्यात बँकेत क्लार्क लागलाय. "मेजर माणूस पासबुकं छापतो, घराण्याची अब्रू गेली," असं नानांनी लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मला रात्रभर झोप आली नाही.

अब्रू कसली गेली? दोन पोरं आहेत, घराचा हप्ता आहे. कामाला लागला, हे चुकलं?

इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत, माझ्या शेजारच्याच्या गॅरेजमध्ये एक काचेची पेटी टांगलेली आहे. तिच्यात कॅप्टनच्या दोन चंदेरी पट्ट्या आहेत आणि त्यांच्या वर सार्जंटच्या फिती. हा गडी आधी शिपाई-सार्जंट होता, मग अधिकारी झाला. मेजरच्या बढतीत दोनदा डावलला गेला, तेव्हा एकूण 17 वर्षं भरली होती. 20 भरल्याशिवाय पेन्शन नाही. पूर्वीच्या हुद्द्यावर परत भरती होण्याची सोय इथल्या कायद्यात आहे. ती त्याने घेतली. काल ज्यांना हुकूम द्यायचा, त्या पोरसवदा लेफ्टनंटांना तीन वर्षं सॅल्यूट ठोकला. कॉलनीत त्याला कोणी हसलं नाही. 4 जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनाला, सगळ्यांचं मटण-ब्रिस्केट त्याच्याच अंगणात शिजतं.

पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याच्या सॅम्युअल वुडफिलचं तर नाव घ्यायलाच हवं. 12 ऑक्टोबर 1918 ला फ्रान्समध्ये क्युनेलजवळ त्याने मशीनगनची ठाणी एकामागून एक उडवली, शेवटी कुदळ हातात घेऊन लढला. मेडल ऑफ ऑनर हे इथलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, कॅप्टन झाला. युद्ध संपल्यावर पेन्शनसाठी तोच माणूस पुन्हा सार्जंट म्हणून भरती झाला. 1921 मध्ये युद्धात पडलेल्या अज्ञात सैनिकाच्या शवपेटीला खांदा द्यायला मानकरी निवडले, त्यांत हा सार्जंट होता. नाना, त्याची अब्रू गेली का?

सगळं इथलं गोड आहे असं मी म्हणणार नाही. 2014 च्या सैन्यकपातीत हजाराहून अधिक कॅप्टन घरी पाठवले. त्यांतल्या ज्यांची 20 वर्षं भरली होती पण अधिकारी म्हणून पुरेशी नव्हती, त्यांना सार्जंटचं पेन्शन घ्यावं लागलं, महिन्याला हजार डॉलरच्या वर फटका. तो अन्यायच होता. पण तो सरकारचा होता, शेजाऱ्यांचा नाही. आपल्याकडे सरकार साडेचौदा टक्के का होईना जागा ठेवतं आणि घरचे मान खाली घालायला लावतात.

एवढं तावातावाने मी का लिहितोय, तेही सांगतो. साताऱ्यात मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचो, रस्त्यात मुलं "सर" म्हणून थांबायची. ताईने ग्रीन कार्ड करून 2003 मध्ये इथे आणलं. पहिली दोन वर्षं एचईबी नावाच्या सुपरमार्केटात रात्रपाळीला दुधाचे क्रेट लावले. घरी "कंपनीत लागलो" एवढंच कळवलं. आईने आळीभर मॅनेजर म्हणून सांगितलं आणि मी तिला शेवटपर्यंत दुरुस्त केलं नाही.

काल हे सगळं ग्रुपवर लिहिलं. नानांचं उत्तर नाही. मावसभावाचा मात्र सकाळी फोन आला. बराच वेळ गप्प होता, मग एवढंच विचारलं, "दादा, मावशीला माहीत होतं का रे?"