पाठ केलेल्या निबंधाला साडेसात नाही, शून्य मिळू शकतो

"ग्रामरची गरज नाही. रोज 50 अवघड शब्द पाठ करा, झोपताना बीबीसी लावून ठेवा, निबंधाचे 10 साचे घोटा. 30 दिवसांत आयईएलटीएसला साडेसात बँड नक्की." हा मेसेज नर्सिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. (आयईएलटीएस म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा, आणि बँड म्हणजे तिचे 0 ते 9 गुण.) माझ्या भाचीने तो मला पाठवून विचारलं, "मामा, ग्रामरचं पुस्तक बंद करू का?" पोरगी नाइट ड्यूटी करून अभ्यास करते. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला वाचन, श्रवण, संभाषण या तिन्हींत 7 आणि लेखनात किमान 6.5 लागतात. तिथे असले सल्ले देणाऱ्यांचा मला संताप येतो.

आधी ते साचे, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यांनीच होणार आहे. लेखन कसं तपासतात हे गुपित नाही. बँडचे निकष परीक्षा घेणाऱ्यांनीच जाहीर केलेत, फुकट वाचता येतात. त्यात स्वच्छ लिहिलंय की संपूर्ण उत्तर पाठ केलेलं असल्याचा पुरावा असेल तर शून्य बँड. अर्धवट साचाही वाचवत नाही. तिसऱ्या बँडच्या वर्णनात कच्च्या शब्दसंपत्तीसोबत पाठ केलेल्या भाषेवर अति विसंबणं हे संभाव्य लक्षण म्हणून दिलंय. कुठल्याही विषयाला चिकटणारी चार भारदस्त वाक्यं लिहिली म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, आणि उत्तर दिलंय का हा तर पहिलाच निकष.

आता ग्रामर. लेखनाचे निकष चार, चौघांचं वजन सारखं, आणि त्यातला एक व्याकरणाचा. संभाषणातही तसंच. म्हणजे दोन्हीकडचा पाव हिस्सा हा मेसेज सरळ सोडून द्यायला सांगतो! श्रवणातसुद्धा सुटका नाही: रिकाम्या जागी अनेकवचन हवं असताना शेवटचा 'एस' राहिला, तर उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तरी चूक.

शब्दांबद्दल फार बोलत नाही. सुटे शब्द घोकून भागत नाही. कुठला शब्द कशासोबत येतो हे सातव्या बँडला पाहतात. रोज आठ-दहा शब्द घ्या, वाक्यात वापरा, दोन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा तपासा.

रोज ऐका, हे मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. पण जागेपणी! परीक्षेत सुमारे 30 मिनिटांत 40 प्रश्न असतात आणि ऑडिओ एकदाच वाजतो. तीन मिनिटांचा तुकडा एकदाच ऐकून लिहा, मग छापील मजकुराशी ताडा. काय सुटलं? तेवढंच पुन्हा ऐका. थकलेल्या माणसाने रात्रभर बीबीसी लावली तर झोपमोड तेवढी होईल.

आणि ते 30 दिवस? आज तुम्ही कुठल्या बँडवर आहात हे मेसेज विचारतच नाही. आधी घड्याळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा द्या, लेखन कुणा जाणकाराकडून तपासून घ्या, मगच फी भरा.