गाडी एअर घेते

जुनी डिझेल जीप बाळगणाऱ्या माणसाला पैसा, वेळ आणि घरच्यांची सहानुभूती यांपैकी कशाचीही टंचाई भासू शकते. सल्ल्याची मात्र कधीच नाही. माझी जीप नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. तिच्यात प्युजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्यावर बनलेले 2112 सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन आहे. ते इतके साधे आहे की, त्यात बिघडण्यासारखे काहीच नाही, असे ते उघडणारा प्रत्येक मिस्त्री उघडण्यापूर्वी सांगतो.

दुखणे विचित्र होते. पुण्यातून निघताना गाडी एका सेल्फमध्ये सुरू होई, भोरपर्यंत तक्रारीचा सूर नसे. पुढे नीरा-देवघरचे पाणी दिसू लागले आणि वरंधा घाटाच्या बाजूचे चढ सुरू झाले की ती अडखळू लागे, एक्झॉस्टमधून पांढरा धूर सोडी आणि ज्या वळणावर सावली नाही नेमके तेच वळण निवडून बंद पडे. कच्च्या रस्त्यावर तर ‘फोर बाय फोर’ टाकण्याचा आनंद मिळण्यापूर्वीच धक्का मारण्याचा मान सहप्रवाशांना मिळे. डिझेलचा काटा मी गाडी घेतल्यापासून कायम अर्ध्यावर होता; टाकी रिकामी असो वा भरलेली, त्याने आपला मध्यममार्ग कधी सोडला नाही.

बंद पडलेल्या डिझेल गाडीचा पहिला उपचार म्हणजे एअर काढणे. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करायचा आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या पोटाशी असलेला इवलासा दांडा अंगठ्याने खालीवर करत राहायचे. सुरुवातीला स्क्रूपाशी घुसळलेल्या ताकासारखा फेस येतो, मग बुडबुडे मोठे होतात, मग विरळ होतात आणि शेवटी स्वच्छ डिझेल मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळते. तेवढ्यात स्क्रू आवळायचा. हा विधी मी इतक्या निष्ठेने केला, की ऑफिसातले सहकारी माझ्या जेवणाच्या डब्यापासून दोन खुर्च्या दूर बसू लागले.

हवेचे एवढे कौतुक का, तर या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा वीसपटीहून अधिक दाबून इतकी तापवतात, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. डिझेल सहसा दाबले जात नाही, म्हणूनच दाब देणाऱ्या इंजेक्शन पंपाचा जोर सिलिंडरमध्ये डिझेल सोडणाऱ्या नोझलपर्यंत जसाच्या तसा पोचतो आणि फवारा उडतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पंपाची सारी शक्ती तो बुडबुडा चेपण्यात जाते आणि नोझल उघडतच नाही. हे यंत्र शोधणारे रुडॉल्फ डिझेल 1913 साली इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून रात्रीतून नाहीसे झाले. त्यामागची कारणे इतिहासकार अजून शोधत आहेत. घाटात उन्हात उभे राहून स्क्रू आवळताना मला मात्र त्यांच्या निर्णयात गूढ असे काही वाटले नाही.

पहिल्या मिस्त्रींनी गाडीचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि ‘कचरा आलाय’ असे निदान केले. फिल्टर बदलला, मी पंपावर जाऊन टाकी फुल केली, वरंध्याचा चढ गाडीने हसतखेळत पार केला. मी मिस्त्रींना फोन करून धन्यवाद दिले. पुढच्या फेरीत तीच अडखळ, तोच धूर. दुसऱ्या मिस्त्रींनी पहिल्या मिस्त्रींचे नाव विचारले, मंद हसले आणि नोझल काढून कॅलिब्रेशनला पाठवले. ते परत बसल्यावर मी पुन्हा टाकी फुल केली, कारण नव्या दुरुस्तीची परीक्षा उसनवारीच्या डिझेलवर घेऊ नये असे आमच्याकडे मानतात. गाडी पुन्हा सुसाट. तिसऱ्यांनी अख्खा इंजेक्शन पंपच उतरवला. त्याच्या बिलात ‘लेबर’ या शीर्षकाखाली जी रक्कम होती ती पाहून मी दोन वेळा खात्री केली की त्यांनी गाडीचा नंबर चुकून तिथे लिहिलेला नाही. मग टाकी फुल आणि गाडी निरोगी. चौथे मिस्त्री इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकणच, उतरवण्याची भाषा करू लागले, तेव्हा पत्नीने तिच्या मामांना बोलावले.

मामा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. मिस्त्री लोक आल्या आल्या बॉनेट उघडतात. मामा चहा घेऊन बसले आणि प्रश्न विचारू लागले. बाहेर कुठे डिझेल ठिबकते का? नाही. बंद पडली तेव्हा शेवटचे डिझेल कधी भरले होते? या प्रश्नाला तोवर कोणी हात घातलेला नव्हता. मामा म्हणाले, “जावईबापू, फीड पंपाच्या पुढे लीक असेल तर डिझेल बाहेर येतं. पंपाच्या मागे असेल तर हवा आत जाते आणि बाहेर थेंबसुद्धा दिसत नाही. तुमची गाडी एअर घेते. कुठून घेते तेवढं बघायचं.”

त्यांनी स्वयंपाकघरातून गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन मागवला, आणि घरात पहिल्यांदाच या गाडीच्या कामी कोणी काही हसत दिले. कॅन डिझेलने भरून विंडशील्डच्या कडेला दोरीने बांधला आणि त्याची नळी थेट फीड पंपाला जोडली. नोझलकडून परतणाऱ्या डिझेलची नळीही कॅनमध्येच सोडायची, नाहीतर ते टाकीत जाऊन कॅन उगाच लवकर रिकामा होतो, हे त्यांनी मला दोनदा बजावले. सलाईन लावलेल्या अवस्थेत आमची जीप सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा वॉचमनने सलाम केला, बहुधा गाडीला. कात्रजचा जुना घाट तिने एकदाही न अडखळता चढला. म्हणजे पंप निर्दोष, नोझल निर्दोष आणि हेडला तर विनाकारण गोवण्यात आले होते.

मग मामांनी टाकीची मूळ लाइन पुन्हा जोडली, पण फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी घालून. इंजिन सुरू होताच त्या नळीतून बुडबुड्यांची रांग शिस्तीने पंपाकडे निघाली. टाकीत काठी घालून पाहिली तर डिझेल अर्ध्याच्या खाली. वरून कॅनमधले डिझेल ओतले. पातळी वर येताच बुडबुडे थांबले. टाकीतला सक्शन पाइप बाहेर काढला तेव्हा त्याच्या मधोमध, गंजाच्या पापुद्र्याखाली, टाचणीच्या टोकाएवढे भोक होते. टाकी भरलेली असेतो ते डिझेलमध्ये बुडलेले राही. पातळी उतरली किंवा चढावर डिझेल एका अंगाला गेले, की पाइप तिथून हवा ओढू लागे. फिल्टरची, नोझलची आणि पंपाची दुरुस्ती यशस्वी करून दाखवणारे औषध दर वेळी मीच रोख पैसे मोजून भरत होतो. विकणाऱ्या गृहस्थांनी टाकी काठोकाठ भरून गाडी ताब्यात दिली होती आणि त्यांच्या दिलदारपणाचे मी नातेवाइकांत फार कौतुक केले होते. ते आता थोडे आवरते घेतले आहे.

नाना पेठेतून पाइप आणला, नवे तांब्याचे वॉशर टाकले, आणि जेवणापूर्वी काम संपले. सारा खर्च फिल्टरच्या बिलापेक्षा कमी आला. मामांनी मजुरी म्हणून पुरणपोळी मागितली.

पहिल्या तिन्ही मिस्त्रींना मी ही हकिकत सांगितली. पहिल्यांनी आपण कचराच म्हणालो होतो आणि गंज हा कचराच असतो, असे नम्रपणे दाखवून दिले. दुसऱ्यांच्या मते नोझल नीट केल्यामुळेच पाइपमधला दोष उघड झाला. तिसऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, हात पुसले आणि विचारले, “पण साहेब, पंप आता कसा चाललाय?” पंप उत्तम चालला होता, त्यामुळे मला तसे सांगावे लागले.