जिरवाजिरवी

एप्रिल 2020 मध्ये आमच्या सोसायटीच्या जिन्यात एक कागद लागला : 'ओला कचरा शक्यतो आपापल्या घरीच जिरवावा.' बटणांना हात लागायला नको म्हणून लिफ्ट बंद ठेवली होती. त्यामुळे पहिल्या वळणावर दम खायला थांबणाऱ्या प्रत्येकाने तो कागद मन लावून वाचला. मी चौथ्या मजल्यावर राहतो. मी दोनदा वाचला.

"जिरवावा म्हणजे काय करायचं रे?" आईने विचारलं.

"खत करायचं."

"बघू या," बायको कणीक मळता मळता म्हणाली, "कोण कोणाची जिरवतं ते."

पुण्यातली आमची गल्ली तेव्हा दोन्ही टोकांना पत्रे ठोकून बंद केली होती. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना पलीकडून वळसा घालून यावं लागे, त्याही दिवसाआड. तेव्हा कागदात चूक काहीच नव्हती. शिवाय लॉकडाऊन सुरू झाला तोच मुळी गुढीपाडव्याला, 25 मार्चला. कडुनिंब मिळाला नाही म्हणून मी गुढीला कढीलिंब बांधला होता, आणि त्या दिवसापासून घरात माझ्या कर्तृत्वाबद्दल जे बोललं जात होतं ते पुसून काढायची मला गरज होती.

रंगाची वीस लिटरची जुनी बादली घेतली. गॅसवर स्क्रू ड्रायव्हर लाल करून तिला भोकं पाडली. (तो स्क्रू ड्रायव्हर नंतर कशालाही उपयोगी पडला नाही आणि गॅसची शेगडी पुढे दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघत होती.) तळाशी नारळाच्या शेंड्या, वर वॉचमनकाकांनी झाडून ठेवलेला बदामाचा आणि गुलमोहराचा सुका पाला. एक भाग ओला कचरा, दोन भाग सुका पाला, वरून आंबट ताकाचं विरजण. झाकण. बाल्कनीत कोपरा. आता फक्त कचरा हवा होता.

आणि इथेच घोडं अडलं. आमच्या घरात कचराच नव्हता.

हे मला लग्नाला चोवीस वर्षं होऊन कळलं. दोडका आला, मी ताटली घेऊन उभा राहिलो, तर बायकोने शिरा बाजूला काढून ठेवल्या. शिरांची चटणी. दुधीच्या सालींची चटणी. कलिंगड आलं तेव्हा मला वाटलं, आता दिवाळी! एवढी थोरली सालं कुठे जातील? लाल भाग आम्ही खाल्ला, पांढरा आईने किसून थालीपिठात घातला आणि हिरवी साल बादलीत पडली ती पुस्तकाच्या वेष्टनाइतकी पातळ. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. फ्लॉवरचे दांडे सांबारात. मटाराच्या सालींचा आतला पापुद्रा सोलून भाजी करणारी बाई मी आपल्या डोळ्यांनी पाहिली आणि ती माझ्याच घरात होती. एरवी ती एवढं करत नसे; पण भाजी मिळेना तसा तिच्या अंगात तिच्या आजीचा संचार झाला.

"एखादी तरी साल राहू दे गं," मी म्हणालो.

"माणसांचं पोट आधी भरू दे, मग बादलीचं."

आठवड्याभरात बादलीत जमलं ते असं : चहाचा चोथा, लसणाची फोलपटं, अंड्यांची टरफलं आणि एक आंबलेला लिंबू. शेवटी मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांच्याकडे ओला कचरा जास्त असेल त्यांनी कृपया चौथ्या मजल्यावर द्यावा.' कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. कोणीतरी विचारलं, 'सर्व ठीक ना?' पण तिसऱ्या दिवशी लोकांना शंका आली, की हा माणूस फुकट मागतोय त्या अर्थी त्यात काहीतरी असणार. बघता बघता अकरा घरांत बादल्या बसल्या. शनिवारी गेटवर शेतकऱ्यांचा टेम्पो यायचा. पाच भाज्यांची बांधलेली पिशवी, निवड करायची नाही, त्यात तीन आठवडे सलग कोबी. आधी लोक कोबीची वरची पानं टेम्पोपाशीच काढून टाकायचे. आता तीच पानं पिशवीत घालून, रांगेत इकडे तिकडे न बघता घरी न्यायला लागले. भाजी सोड्याच्या पाण्यात धुवायची, तशी कचऱ्याची पानंही धुवायची. सुक्या पाल्याला तर इतका भाव आला की वॉचमनकाका त्याची पोती बांधून खुर्चीमागे ठेवत आणि माणूस बघून देत.

दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा शेतीखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला जिन्यातूनच, मास्कमधून, जीवामृताची, म्हणजे जमिनीला घालायच्या पातळ खताची, कृती सांगितली. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांची कृती : 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, एकराला पुरतं. मी घरी येऊन '2 किलो बेसन' एवढंच म्हणालो. घरात पिठल्यापुरतं बेसन उरलं होतं. पुढचा संवाद इथे देत नाही. मग मी कागद घेऊन बसलो. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. आमची बाल्कनी 28 चौरस फूट. म्हणजे बेसन लागणार सव्वा ग्रॅम.

"चिमूटभर बेसन हवंय," मी जाऊन म्हणालो.

"चिमूटभर बेसन मागायला चाळीस मिनिटं हिशोब केलात?" तिने चिमूट दिली. शेण मात्र कोथरूडमध्ये टाळेबंदीत सव्वासहा ग्रॅमसुद्धा मिळालं नाही.

मे महिन्यात बादलीला वास सुटला. पाणी जास्त झालं की हवा आत जात नाही आणि सडका वास येतो. सुका पाला वाढवला की थांबतो. हे मला ठाऊक होतं, पण पाला वॉचमनकाकांच्या खुर्चीमागे होता. खालच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फोन केला, "काय हो, कसला वास येतोय?" त्या दिवसांत वास न येणं हे आजाराचं लक्षण मानत. मी म्हणालो, "येतोय ना काकू? मग तब्येत ठणठणीत आहे." काकूंनी फोन ठेवला. तो विनोद मी आवरायला हवा होता.

कारण पुढचा आठवडा वाळवणाचा होता. गच्चीला कुलूप, म्हणून काकूंनी साबुदाण्याच्या पापड्या बाल्कनीतच जुन्या साडीवर घातल्या होत्या. सकाळी साडेनऊला खालून हाक आली. मी वाकून पाहिलं.

"मी यंदा पापड्यांत जिरं घातलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

पापड्यांवर तपकिरी ठिपके दिसत होते.

"आणि हे जिरं चालतंय."

त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या होत्या. खतवाल्यांच्या जगात त्यांना फार मान आहे. कचऱ्याचा त्या बघता बघता फडशा पाडतात. त्यांची माशी चावत नाही, जेवणावर बसत नाही. पोट भरलं की अळी गडद होते आणि कोष करायला कोरडी जागा शोधत निघते. आमच्या अळ्यांनी कोरडी जागा बरोबर शोधली होती. हे सगळं मी काकूंना वरून समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन किलो साबुदाणा सांगितला. साबुदाणा आणला एवढ्यावर भागलं नाही. माझ्या बायकोने तत्त्वाचा प्रश्न काढला, की नुकसान ज्याने केलं त्याने भरून द्यावं. दोन दिवस मी पातेल्यात साबुदाण्याची खळ ढवळत होतो. त्या पापड्या काकूंनी ठेवून घेतल्या, पण तळून कोणाला वाढल्याचं ऐकिवात नाही.

जूनमध्ये खत झालं. काळं, भुरभुरीत, पावसाच्या मातीचा वास. मी त्यात पालक, मेथी आणि मिरची विधिपूर्वक पेरली. पालक आला नाही. मेथी आली आणि चिमण्यांनी नेली. मिरचीने दोन पानं काढून विचार बदलला. आणि कोपऱ्यात, कोणीही न लावलेला, कोणाच्या तरी बियांतून बादलीत आलेला लाल भोपळा धो धो वाढायला लागला.

वेल वर चढावी म्हणून मी सुतळ्या बांधल्या. वेल खाली गेली. आधी सगळी नर फुलंच येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस मी रोज सकाळी फुलं मोजत होतो आणि बायको त्यांची भजी करत होती. मग मादी फुलं आली. त्यांच्या देठाशी गोटीएवढा भोपळा आधीपासूनच असतो, पण परागकण पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. चौथ्या मजल्यावर मधमाशी यायला तयार नव्हती. म्हणून सकाळी सहाला नर फुलाच्या पाकळ्या काढून मी ते मादी फुलाला लावत होतो, तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"काय चाललंय?"

"लग्न लावतोय."

"पन्नासच्या आत आहोत ना?" आईने विचारलं. रोज बातम्या बघून तिला सगळे नियम पाठ झाले होते.

धरलेला एकुलता एक भोपळा कुठे असावा? काकूंच्या ग्रिलमध्ये. मुळं आमच्याकडे, फळ त्यांच्याकडे. काकूंनी त्याला जुन्या ओढणीची झोळी बांधली आणि पाळण्यातल्या बाळासारखं त्याच्याकडे बघायला लागल्या. मी सेक्रेटरींना सहज विचारलं. ते म्हणाले, "वरच्या घरातून खालच्या घरात काही आलं तर आपल्याकडे फक्त गळतीची पद्धत आहे. भोपळा गळतीत धरायचा का?" धरला असता तर खर्च मलाच द्यावा लागला असता, म्हणून विषय वाढवला नाही.

सप्टेंबरअखेर अधिक महिन्यात भोपळा उतरवला. चार किलो शंभर ग्रॅम. वजन काकूंनीच फोनवर कळवलं. त्यांचे जावई बंगळूरला अडकलेले, वाण द्यायचं कोणाला? त्यांनी भोपळ्याचे घारगे केले, मोजून 33, आणि संध्याकाळी दोन डबे वर आले. पहिल्यात घारगे. दुसऱ्यावर चिठ्ठी : 'साली तुमच्या बादलीला.'

माझे डोळे भरून आले म्हटलं तरी चालेल. सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आपण होऊन, मान राखून, मला कचरा दिला होता. मी बाल्कनीत जाऊन बादलीचं झाकण काढलं, पाला भुरभुरून जागा केली आणि डबा आणायला वळलो.

स्वयंपाकघरात कढईत तीळ तडतडत होते.