‘फ्लॅटमध्ये बसून’ लिहिणाऱ्याकडून

नमस्कार.

उन्हाळा आणि सापांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. साप पावसाळ्यात निघतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. आधी साप ओळखायला शिका. मुंबईत फ्लॅटमध्ये बसून लिहिणं सोपं असतं.”

घोणशीचं मान्य. चूक माझीच, दुरुस्त केली. आभार.

आता फ्लॅट. साहेब, माझं बालपण आरे कॉलनीतलं, बाबा तबेल्यात कामाला. एप्रिल लागला की घरात जीव गुदमरायचा, मग सगळी पोरं ओट्यावर सतरंजी टाकून झोपायची. एका रात्री मामेभाऊ उठून म्हणाला, कानामागे मुंगी चावली. आईने खोबरेल लावलं आणि दामटून झोपवला. पहाटे त्याचं पोट मुरडायला लागलं. “आत्या” म्हणताना जीभ अडखळत होती, आणि पापण्या काही केल्या वर जाईनात. आईला वाटलं, झोपेत आहे.

मण्यार चावला होता. ना सूज, ना आग. खूण तर आम्ही कंदील धरूनही शोधली, दिसली नाही. शेजारचे भगताकडे न्या म्हणत होते, बाबांनी सरळ रिक्षात घातला. दोन दिवस नळीवर श्वास घेत होता तो. आज पन्नाशीला आलाय, आणि भर उकाड्यातही जमिनीवर पाठ टेकत नाही. लेखात मी ‘खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा’ असं लिहिलंय ना, ते या मुंगीमुळे. पुस्तकातून उचललेलं नाही, आणि कुठल्या शेंबड्या पोराला विचारूनही नाही.

पावसाळ्याचं म्हणाल तर बिळांत पाणी शिरतं, साप जास्त दिसतात. मी कुठे नाही म्हटलं? उन्हाळ्यात दिवसा तापतं म्हणून ते अंधार पडल्यावर फिरतात, आणि आपणही तेव्हाच अनवाणी, बॅटरीशिवाय बाहेर येतो. असो.

साप ओळखण्याबद्दल. चावल्यावर ओळखत बसायची गरजच नसते. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच आहे. पण विषय तुम्हीच काढलात म्हणून तुमच्या प्रोफाइलवरचा बरणीतला ‘मण्यार’ जरा मोठा करून पाहिला. मण्यारचे पांढरे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. तुमच्या बरणीत नेमकं उलटं आहे. तो कवड्या आहे, बिनविषारी.

१९२६ वर वनखात्याला फोन करा, येऊन घेऊन जातील. तोवर झाकणाला भोकं पाडा, आणि हौसेने हात घालू नका. विष नसलं तरी कवड्या भलता चावरा असतो.