दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर : तीन मीटर का पुरलं नाही

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. कॅलिडोस्कोप क्विल्टसाठी (आठ निमुळत्या तुकड्यांची, म्हणजे कळ्यांची, चांदणी जोडून केलेली गोधडी) नेलेल्या मोठ्या फुलांच्या केंब्रिकच्या, म्हणजे तलम सुती कापडाच्या, आठ कळ्या जुळत नाहीत, हातछपाईच्या कापडाच्या तर मुळीच नाहीत, मरून रंग पांढऱ्यावर उतरला, आणि कापलेलं कापड आम्ही परत घेतलं नाही, अशा तुमच्या तक्रारी आहेत. "छपाईच सदोष आहे" असं तुम्ही लिहिलंय. छपाई सदोष नाही. चूक मात्र आमचीच आहे, ती दुसरीकडे आहे. "तीन मीटरमध्ये आरामात होईल" असं काउंटरवरून सांगितलं गेलं आणि सांगण्याआधी कोणी टेप लावली नाही.

या कामाचं कापड मीटरवर घ्यायचं नसतं, रिपीटवर घ्यायचं असतं, म्हणजे तीच नक्षी किती अंतरानं परत येते त्यावर. चांदणीच्या आठही कळ्यांवर तीच पाकळी त्याच जागी यायला हवी असेल, तर नक्षीचे आठ हुबेहूब तुकडे एकावर एक रचून कापावे लागतात. म्हणजे कापडात आठ पूर्ण रिपीट हवेत. तुमचं केंब्रिक रोटरी स्क्रीनवर, म्हणजे फिरत्या जाळीदार रोळानं, छापलेलं आहे. त्या रोळाचा नेहमीचा घेर ६४ सेंटिमीटर, म्हणून मोठ्या फुलांचं डिझाइन काठाच्या दिशेनं ६४ सेंटिमीटरनं परत येतं. लहान डिझाइन ३२ सेंटिमीटरनं येतं. तीन मीटरमध्ये ६४ चे चारच रिपीट बसतात, वर ४४ सेंटिमीटर उरतात. फोटोत तेच दिसतंय : चार कळ्यांच्या टोकाला लाल पाकळी आहे, उरलेल्या चारांत हिरवं पान. पुढच्या चार कळ्या शेजारच्या जागेतून निघाल्या, दुसरीकडून निघणारच कुठून? आठ कळ्यांना ५ मीटर १२ सेंटिमीटर लागले असते, वर तिरक्या कापलेल्या टोकांसाठी पंधरा-वीस सेंटिमीटर. सहा कळ्यांच्या षटकोनाला चार मीटर पुरतात.

रिपीट मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि ते काम दुकानातच व्हायला हवं होतं. काठाजवळचं एक ठळक टोक धरायचं, समजा देठ जिथे फुलाला मिळतो ते. तिथून काठाला समांतर सरकत तंतोतंत तोच देठ पुन्हा येईपर्यंत मोजायचं. तसंच दिसणारं फूल आलं म्हणून थांबायचं नाही; बऱ्याच डिझाइनमध्ये तेच फूल मध्ये एकदा उलटं किंवा वेगळ्या पानांसोबत येतं. मग कापडाची घडी घालून एक देठ दुसऱ्यावर ठेवायचा, वरून टाचणी टोचायची आणि खाली ती कुठे निघाली ते पाहायचं. पन्ह्यात तीन ठिकाणी हे करायचं. मिलिमीटरभर फरक चालतो. जास्त असेल तर फिनिशिंगमध्ये कापड तिरकं ओढलं गेलंय. धुऊन, ओलं असताना सरळ करून बरंचसं सुधारतं.

हातछपाईच्या कापडावर हीच टाचणी दोन मिनिटांत उत्तर देते. तिथे लाकडी ठसा माणूस हातानं ठेवतो. प्रत्येक ठसा दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे बसतो, शाई कधी जास्त कधी कमी. त्या कापडाचं सौंदर्यच ते, गोधडीत ते सुरेख दिसतं. पण आठ कळ्या मध्यबिंदूवर मिळतात तिथे तीन मिलिमीटरचा फरक लांबून दिसतो. इकतचंही तसंच, कारण नक्षी सुतावर आधी रंगवलेली असते आणि विणताना सरकते. अशी कापडं चांदणीचा चौकोन पूर्ण करणाऱ्या कोपऱ्यांच्या त्रिकोणांना आणि बाहेरच्या पट्टीला वापरायची. कळ्यांना ती विकायलाच नको होती, हीही आमची चूक.

नक्षी निवडताना जमीन, म्हणजे नक्षीमागची कोरी जागा, किती मोकळी आहे ते आधी पाहावं. फुलाफुलांत तळहाताएवढी कोरी जागा असेल तर निम्म्या कळ्या कोऱ्या निघतात. बारीक बुटीचं कापड कुठूनही कापलं तरी सारखंच दिसतं, मग एवढा खटाटोप कशाला? तीन-चार रंग, त्यात गडद-फिकट असा खरा फरक, आणि वळणावळणाच्या वेली असलेलं कापड उत्तम. दोन छोटे आरसे चिकटपट्टीनं जोडून ४५ अंशांत कापडावर उभे केले की आठ कळ्यांची चांदणी दिसते. फक्त एक लक्षात असू द्या : आरसा नक्षी उलटी करून दाखवतो, आपल्या कळ्या तीच नक्षी फिरवून लागतात. म्हणून आरशावरून रंगांचा अंदाज घ्यावा, आकाराचा घेऊ नये.

रंगाबद्दल. मरून आणि नीळ यांवर ओला पांढरा रुमाल अर्धा मिनिट दाबून घासायचा. डाग पडला तर ते कापड धुतल्याशिवाय शिवायचं नाही. मिठानं किंवा व्हिनेगरनं छापील रंग पक्का होत नाही. सुटा रंग काढूनच टाकावा लागतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत. बिलासोबत ही सूचना द्यायला हवी होती. तुमचे डाग वाळले नसतील तर इस्त्री अजिबात लावू नका. भरपूर पाण्यात साबण घालून भिजत ठेवा आणि पाणी बदलत राहा.

आता भरपाई. हातछपाईचं न कापलेलं कापड घेऊन या, पूर्ण पैसे परत मिळतील. केंब्रिकचा तोच लॉट शिल्लक आहे. त्यातले चार रिपीट, म्हणजे कडेच्या वाढीसह पावणेतीन मीटर, आम्ही विनामूल्य देऊ. मात्र नवीन तुकडा आधी धुवा. तुमचं कापड धुऊन चार टक्के आटलं असेल, तर त्याचा रिपीट आता साडेएकसष्ट सेंटिमीटरच्या आसपास असेल आणि कोऱ्या कापडाचा चौसष्टच. दोन्ही एकत्र रचले तर कळ्यांसाठी कापलेली पहिली पट्टी जुळेल, तिसरी अडीच सेंटिमीटरपर्यंत सरकलेली असेल.

नवीन कापड नको असेल तर दुसरा रस्ता आहे, आणि आमच्या मते तो जास्त चांगला दिसेल. जे चार रिपीट आहेत त्यांच्या चार कळ्या घ्या आणि मधल्या चार जवळजवळ साध्या, फिकट कापडाच्या लावा. फुलं एकाआड एक आली की चांदणी सुटी दिसते. आठही कळ्या गजबजलेल्या असल्या की लांबून गालिचा वाटतो. चांदणीच्या बारा इंची चौकोनाला साडेसहा इंच रुंद पट्टी लागते. ४४ इंच पन्ह्यात एका पट्टीतून तेरा कळ्या आणि एका रिपीटमधून तीन पट्ट्या बसतात. थोडं कापड वाया गेलं असलं तरी तीसेक चांदण्या निघतील, म्हणजे साठ बाय बहात्तर इंच. फिकट कापड सव्वादोन मीटर लागेल, तेही आमच्याकडून.

कापण्याआधी खळ द्या. कळीच्या दोन्ही लांब कडा उरेब, म्हणजे विणीला तिरक्या, येतात, हाताळतानाच ताणतात. इस्त्री दाबून उचलायची, ढकलायची नाही. चार थरांना साधं रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचं) चालतं, फक्त पातं नवीन घ्या. शिवताना आधी दोन-दोन कळ्या, मग चार-चार, शेवटी मधली एकच सरळ शिलाई. ती फाकवून इस्त्री करा, नाहीतर मध्यावर सोळा पदरांचा गोळा होतो. आठ शिलायांत दाब, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेली कड, एकसारखा नसेल तर चौकोन सपाट बसत नाही, म्हणून पहिली चांदणी पूर्ण करून सपाट बसते का पाहा, मगच बाकीच्या जोडा.

कापलेलं कापड परत घेत नाही हा नियम राहील, पण आमच्या सांगण्यावरून कमी नेलं गेलं असेल तर तो लागू होणार नाही. येताना कापडाची काठाकडची छापील कड घेऊन या, तिच्यावरून लॉट लगेच ताडून पाहता येतो. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं.